"सगळं देवाच्या हातात आहे ना, मग?" हा प्रश्न बायबल स्टडीत कसा घ्यायचा

आमच्याकडे नाशिकला शरणपूर रोडला शुक्रवारी घरगुती बायबल स्टडी असते, आणि वर्षातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. मागे निफाडकडच्या एका भावाने विचारला, गारपिटीत द्राक्षबाग झोपली होती त्याची. म्हणाला, देव सार्वभौम म्हणता ना, मग गारा कोणी पाडल्या? मी शहाण्यासारखं रोम ८:२८, देवावर प्रीती करणाऱ्यांचं सगळ्यातून भलंच होतं ते वचन, वाचून दाखवलं, त्याने मान हलवली अन् पुढचे दोन शुक्रवार आलाच नाही. त्यामुळे पहिलं हेच सांगतो, समोरचा माणूस दुखात असेल तर त्या दिवशी हा विषय घेऊच नका, त्याच्यासोबत बसा, चहा घ्या, प्रार्थना करा.

नंतर विषय घ्याल तेव्हा "देव काहीही करू शकतो का" इथून सुरू करू नका, कोणीतरी तो "देव स्वतःलाच उचलता येणार नाही असा दगड बनवू शकतो का" हा प्रश्न काढणारच आणि अर्धा तास गेला. निघालाच तर तीत १:२ काढा, देव खोटं बोलू शकत नाही. ही कमजोरी नाही, स्वभाव आहे त्याचा. बस, पुढे चला.

सगळ्यांना वहीत दोन रकाने पाडायला सांगा, देवाला "जमत नाही" आणि "जमतं पण करत नाही". मग एकेक वचन वाचून कुठे लिहायचं ते त्यांनाच ठरवू द्या. मत्तय २६:५३ पासून सुरू करा, येशू म्हणतो बापाकडे मागितलं तर देवदूतांच्या बारा पलटणींपेक्षा जास्त मिळतील, आणि तो मागत नाही. हे लगेच दुसऱ्या रकान्यात जातं. मग मत्तय २३:३७ घ्या, कोंबडी पिल्लांना गोळा करते तसं येशूला यरुशलेमच्या लोकांना गोळा करायचं होतं, "पण तुमची इच्छा नव्हती". इथे वाद होणार, होऊ द्या. डच धर्मपंडित आर्मिनियसच्या बाजूचे म्हणतात देवाने माणसाला नकार द्यायची मोकळीक दिली, प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनच्या बाजूचे म्हणतात देवाचं बोलावणं वेगळं अन् त्याने ठरवलेलं वेगळं. याच भांडणावर १६१८-१९ मध्ये हॉलंडला डॉर्टची चर्चसभा बसली आणि तिने आर्मिनियसवाल्यांचं म्हणणं फेटाळलं, तरी मिटलं नाही, तुमच्या हॉलमध्ये पण नाही मिटणार.

उदाहरण हवं तर गंगापूर धरणाचं देतो मी. पाणी आहे पण मोजून सोडतात, म्हणून गोदावरी कोरडी दिसली तर धरण रिकामं असं नाही. पण लगेच हे पण सांगा की धरण भरलं की दरवाजे उघडावेच लागतात, गोदाकाठचा दुतोंड्या मारुती पुरात किती बुडाला ते बघायला गर्दी होते, देवाला तसली सक्ती नाही. उदाहरण इथेच सोडा, जास्त ताणू नका.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो भाग. फिलिप्पै २:७ ला ख्रिस्ताने स्वतःला "रिक्त केले" आहे, ग्रीक शब्दावरून त्याला केनोसिस म्हणतात. हे पुत्राने देह घेतला त्याबद्दल आहे. सृष्टी करताना देवानेच माणसासाठी जागा सोडली हा वेगळा विचार, तो जर्मन धर्मपंडित मोल्टमानने २० व्या शतकात मांडला, कल्पना ज्यू परंपरेतून घेतली. दोन्ही एकात कालवू नका. पहिल्यातही, म्हणजे पुत्राच्या रिक्त होण्याबद्दलही, मतभेद आहेतच, १९ व्या शतकात जर्मनीतला धर्मपंडित थॉमासियस म्हणायचा की पुत्राने सर्वज्ञता, सर्वशक्ती बाजूला ठेवली. मला ते पटत नाही, कारण त्याच वचनात पुढे "दासाचे स्वरूप धारण" केल्याचं आहे, म्हणजे काढून टाकण्यापेक्षा अंगावर घेणं जास्त दिसतं, आणि इ.स. ४५१ च्या खाल्सेदोन चर्चसभेने पण ख्रिस्ताचं देवत्व आणि मनुष्यत्व दोन्ही पूर्ण धरलेत. मग मार्क १३:३२ ला शेवटचा दिवस पुत्रालाही ठाऊक नाही असं आहे ते कुठल्या रकान्यात? हे विचारून गप्प बसा. खरंच गप्प, पाच मिनिटं तरी.

आणि हो, पेन्सिलने लिहायला सांगा. आमच्या वह्यांत मार्क १३:३२ तीन-तीनदा खोडलंय, आणि त्या भावाच्या वहीत गारपीट दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेघेवर लिहिलेली आहे.