टोकियोत उसुईंच्या समाधीला जाताना
रेकी या जपानी उपचारपद्धतीचे प्रवर्तक मिकाओ उसुई यांच्या समाधीसाठी मॅपवर नुसतं 'साइहोजी' टाकलंत, तर बहुधा क्योतोचं शेवाळाच्या बागेचं प्रसिद्ध मंदिर समोर येतं. ते वेगळं! आपल्याला टोकियोतलं हवंय.

१. 'साइहोजी, सुगिनामी' असं शोधा. मारुनोउची मेट्रोने शिन-कोएंजीला उतरा, पुढे पायीच.
२. समाधीजवळचा १९२७ चा शिलालेख जुन्या वळणाच्या जपानीत आहे. आपल्याला त्यातलं अक्षरही लागत नाही, म्हणून भाषांतर आधीच मोबाइलमध्ये सेव्ह करा.
३. फुलं, उदबत्ती न्या. खाऊ ठेवलात तर निघताना उचला. कावळे टपलेलेच असतात.

फक्त एक सांभाळा: इतरांच्याही घरच्यांच्या कबरी तिथे आहेत. ग्रुपने वाट अडवून ध्यानाला बसू नका.