गावच्या फुटबॉल मॅचला ढोल-डफड्यावर गाणारी टोळी कशी उभी करावी

मॅचला वाजवणं वेगळं आणि वरातीत वाजवणं वेगळं. हा फरक ज्याला कळत नाही, त्याचा सल्ला घेऊच नका. वरातीत वाजवणारा नाचणाऱ्यांसाठी वाजवतो, तिथं जेवढा जोर तेवढं बरं. मॅचला ढोल लागतो तो पन्नास तोंडं एकाच वेळी उघडावीत म्हणून. "अजून दोन ढोल आणा, माहोल तापते" असं सांगणारे गावोगाव भेटतात. दोन ढोल वाढले की गाणाऱ्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही. पाच मिनिटांत सगळे गप्प होतात आणि मागे नुसता दणका उरतो. मैदानातल्या पोट्ट्यांच्या कानावर गावाचं नाव पडलं पाहिजे. तेवढ्यासाठी ही सगळी खटपट.

वाद्यं किती, माणसं कोणती

पन्नासेक गाणारे असतील तर एक मोठा ढोल, दोन डफडी, एक ताशा आणि झांजांचा एक जोड. दहा गळ्यांमागे एक वाद्य, त्यापुढे जाऊ नका. झांजेला वेगळा माणूस मिळत नसेल तर अर्जेंटिनातले प्रेक्षक करतात तसं करा. झांजेचं एक ताट ढोलाच्या वरच्या कडेला सुतळीनं आवळून बांधा. वाजवणाऱ्याच्या उजव्या हातात टिपरू आणि डाव्या हातात झांजेचं दुसरं ताट. एकाच माणसात दोन्ही कामं होतात आणि दोन्ही एका ठेक्यात राहतात.

पिपाण्या आणि भोंगे नकोत. २०१० च्या दक्षिण आफ्रिकेतल्या वर्ल्ड कपमध्ये वुवुझेला सगळ्या जगानं ऐकला. एकसुरी भणभण नव्वद मिनिटं चालली आणि तिच्याखाली गाणी दबून गेली. शिट्टी तर खिशातही ठेवू देऊ नका. प्रेक्षकातल्या कुणी शिट्टी वाजवली आणि तिच्यामुळे खेळात अडथळा आला असं रेफरीला वाटलं, तर तो खेळ थांबवतो आणि ड्रॉप बॉलनं, म्हणजे स्वतः बॉल जमिनीवर सोडून, पुन्हा सुरू करतो, असा नियमच आहे. आपला फॉरवर्ड एकटा गोलकीपरसमोर पोचलेला असताना असं झालं तर त्या चालीचं नुकसान भरून निघत नाही.

मुख्य ठेका कुणाच्या हातात द्यायचा? बहुतेक गावांत सगळ्यात जोरात वाजवणाऱ्या पोट्ट्याला पुढे करतात. ही चूक करू नका. गावातल्या भजनी मंडळात खंजिरी वाजवणारा कोण आहे ते बघा. तुकडोजी महाराजांच्या मोझरीपासून पार झाडीपट्टीपर्यंत खंजिरीवर भजन म्हणणारी गावं आपल्या विदर्भात पुष्कळ आहेत. खंजिरीवाल्याच्या हाताला एक सवय पक्की असते. गळा वर गेला की हात हळू, गळा थांबला की हात जोरात. मॅचला हीच सवय हवी. त्याला मोठा ढोल द्या. टिपरू धरायला तो दोन संध्याकाळींत शिकतो. जोरात वाजवणाऱ्याला मात्र हात आवरायला शिकवता शिकवता सीझन सरतो.

डफडं वाजवणारे जाणते काका गावात असतील तर त्यांना मानानं बोलवा, मानधन आधी ठरवा आणि मॅचच्याच दिवशी हातात द्या. "आपल्याच गावची मॅच आहे ना" म्हणून त्यांची कला फुकटात वापरायची रीत बंद झाली पाहिजे.

डफडं शेकणं

हिवाळ्यातल्या मॅचला हे टाळता येत नाही. दव पडलं की कातडं ढिलं होतं आणि डफडं भदभद बोलू लागतं. तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा लहानसा जाळ करा. ज्वाळा बसू द्या, धग राहू द्या. जाळावरून वीतभर वर डफडं गोल फिरवत राहा, एका जागी धरू नका. दर अर्ध्या मिनिटाला बोटानं वाजवून बघा. आवाज चढत चढत टणक झाला की लगेच काढा. "अजून थोडं" म्हणणाऱ्याचंच कातडं कडेला तडकतं, आणि तडकलेलं कातडं त्या दिवशी बदलता येत नाही. दव असेल तर हाफटाइमला पुन्हा शेकावं लागतं, म्हणून जाळ मैदानाबाहेर आणि कापसाच्या गंजीपासून लांब करा. जवळ पाण्याची बादली हवी. ताशाला कातड्याऐवजी प्लास्टिकचं पान असेल तर त्याला धग अजिबात दाखवू नका.

घोषणा बांधणं

तयार घोषणा इंटरनेटवरून उचलू नका. त्या आपल्या जिभेवर बसत नाहीत. आपल्याकडे पोळ्याच्या झडत्या आहेत. एकानं ओळ टाकायची आणि सगळ्यांनी झेलायची. बैलांच्या तोरणाखाली लहानपणापासून ऐकलेली ही रीत पोट्ट्यांना शिकवावी लागत नाही. त्याच चालीवर नव्या ओळी बांधा:

वावरात तूर, बांधावर बोर,
आमचा फॉरवर्ड लय शिरजोर!

यावर सगळ्यांचं उत्तर फक्त गावाचं नाव: दोन ठोक्यांचं असेल तर दोनदा, तीन-चार ठोक्यांचं असेल तर एकदा. टाकणाऱ्याची ओळ चार ठोक्यांत संपली पाहिजे. पाचवा ठोका लागला तर शब्द कापा, चाल ओढू नका. ओळीचा शेवट "ओ"कडे किंवा "आ"कडे झुकणारा असावा, कारण तोंड उघडं राहिलं तरच आवाज लांब जातो. "ई"वर संपणारी ओळ मैदानाच्या मध्यापर्यंतही पोचत नाही.

गावाचं नाव ठोक्यांवर कसं तुटतं ते आधी म्हणून बघा. आर्वी, वणी, कामठी, उमरेड ही दोन ठोक्यांची नावं: काम-ठी, उम-रेड. राजुरा, हिंगणघाट, बल्लारपूर तीन ठोक्यांची: हिं-गण-घाट. पांढरकवडा चारांची: पां-ढर-कव-डा. दोनाची आणि चाराची नावं ठेक्यात सहज बसतात. तीनाच्या नावानंतर एक ठोका मोकळा सोडायचा आणि त्यावर झांज मारायची. हे आधी ठरवलं नाही तर अर्धे लोक त्या मोकळ्या जागी पुढचं नाव सुरू करतात आणि सगळा घोळ होतो.

जात, देव आणि पक्ष यांच्या घोषणा पहिल्याच दिवशी बंद करा. टीममध्ये आणि टोळीत सगळ्या घरांतली पोरं असतात, नि एका घोषणेनं त्यातली निम्मी मुकी होतात. समोरच्या टीमच्या आया-बहिणींवर काही बोललेलं ऐकलं तर म्हणणाऱ्याचं टिपरू काढून घ्यायचं, मग तो कितीही चांगला वाजवत असो. पोरींनाही टोळीत घ्या. त्यांचा वरचा सूर दणक्यातूनही आरपार जातो.

ढोल आणि गळा जुळवणं

बहुतेक टोळ्या इथंच फसतात, म्हणून इथं घाई करू नका.

तालमीच्या पहिल्या संध्याकाळी ढोल आणायचेच नाहीत. सगळ्यांनी मांडीवर थाप देत म्हणायचं. वेग मिनिटाला शंभर ठोके, म्हणजे पंधरा सेकंदांत पंचवीस. मोबाइलवर घड्याळ लावून मोजा, अंदाजानं चालू नका. हा वेग तालमीत संथ वाटतो आणि पोट्टे कुरकुर करतात. ऐकू नका. मैदानावर रक्त तापलं की तोच वेग आपोआप एकशे दहावर जातो. तालमीत एकशे वीस धरलेली टोळी मैदानावर एकशे चाळीसला पोचते, आणि त्या वेगात मराठी शब्द तोंडात मावत नाहीत. आधी ओळीचा शेवटचा शब्द जातो, मग श्वास जातो, मग लोक.

दुसऱ्या संध्याकाळी वाद्यं आणा. आठ ठोक्यांचं एक आवर्तन धरा, भजनातला केरवा डोळ्यांपुढे ठेवा. एक ते चार ओळ टाकणाऱ्याचे. तेवढ्यात ढोल पूर्ण बंद, फक्त एक डफडं बारीक काडीनं कडेवर. पाच ते आठ सगळ्यांच्या उत्तराचे. ढोलाचा ठोका पाचवर आणि सातवर, ताशा कुठेच नाही. ताशाला जागा दोन घोषणांच्या मधली. तिथं त्यानं आठ ठोके हवं ते वाजवावं. गाण्यावर ताशा तडतडला की एकही शब्द ऐकू येत नाही, आणि ताशेवाल्याला हे पटवणं हे ज्याच्या हातात टोळी आहे त्याचं सगळ्यात अवघड काम. पटेपर्यंत त्याच्या काड्या आपल्याजवळ ठेवा.

वेग पळालाच तर हळूहळू ओढून खाली आणायचा प्रयत्न करू नका, तो जमत नाही. एक जण कमी करतो, दुसरा आपल्याच वेगात जातो, आणि चार वाद्यांचे चार ठेके होतात. टोळीच्या पुढाऱ्यानं, म्हणजे ज्याच्या हातात टोळी आहे त्यानं, मूठ वर करायची. मूठ दिसली की सगळं जागच्या जागी बंद, मग चार ठोके शांतता. बोटांनी चार मोजून पुन्हा शंभरानं सुरू. ही मूठ तालमीत दहा वेळा करून घ्या, मैदानावर पहिल्यांदा दाखवली तर कुणी बघत नाही.

आता उभं राहण्याची जागा, कारण ठेका बिघडण्याचं निम्मं कारण तिथं आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शंभराच्या वेगात एक ठोका सहा दशांश सेकंदाचा. मैदानाच्या या बाजूला एक ढोल आणि सत्तर मीटर पलीकडे दुसरा ठेवला, तर तिकडचा आवाज इकडे दोन दशांश सेकंद उशिरा येतो, म्हणजे ठोक्याचा तिसरा हिस्सा मागे. वाजवणारे कितीही पक्के असोत, दोघांनाही समोरचाच चुकतोय असं वाटतं. "चारी बाजूंनी ढोल ठेवा, मैदान घुमते" हा सल्ला म्हणूनच वाईट. सगळी वाद्यं एका घोळक्यात मधोमध ठेवा आणि गाणारे पंधरा मीटरच्या आत, तीन-चार रांगांत. लाइनभर लांबलचक पसरू नका. कडेच्या लोकांनी कानांवर विसंबायचं नाही, पुढाऱ्याच्या हाताकडे बघून गायचं. पुढारी मैदानाकडे पाठ करून उभा राहतो. त्याला मॅच दिसत नाही, म्हणून हाफटाइमला माणूस बदला.

२०१६ च्या युरो स्पर्धेत आइसलँडच्या प्रेक्षकांनी गाजवलेली टाळी याच कारणानं जमते. ढोलाचे दोन ठोके, हात डोक्यावर, एकच टाळी आणि एकच हाक, मग लांब शांतता, आणि हळूहळू ते अंतर कमी होत जातं. हात डोक्यावर असल्यामुळे शेवटच्या माणसालाही दिसतात, कानांची गरजच नाही. ज्यांना एकही घोषणा पाठ नाही असे पाहुणेही यात येतात. मॅच संपल्यावर दोन्ही टीमसाठी ही टाळी करा.

सूर खालून धरा. बोलताना जो सूर असतो तोच सुरुवातीचा. वर चढवून सुरू केलं की हाफटाइमपर्यंत गळे बसतात. बर्फाचं पाणी नको, साधं प्या.

मॅचच्या दिवशी

दुपारची मॅच असेल तर मैदानाच्या पश्चिमेला उभे राहा, म्हणजे ऊन पाठीवर येतं आणि पुढाऱ्याचा हात सगळ्यांना दिसतो. टचलाइनपासून, म्हणजे मैदानाच्या लांब कडेच्या रेघेपासून, तीन मीटर मागे दोरी बांधा, लाइन्समनची वाट मोकळी हवी. गोलपोस्टमागे नको. एकेका ढोलामागे दोन जास्तीची टिपरी आणि एक चिकटपट्टी. लहान पोरं ताशापासून लांब.

सतत वाजवू नका. तीन मिनिटं चालू, एक मिनिट बंद. कॉर्नर आपला असेल तर चालू. रेफरीची शिट्टी ऐकली की टिपरू वर, हा नियम कधीच मोडायचा नाही. ढोलाच्या आवाजात शिट्टी दबली तर पोट्टे खेळत राहतात. शिट्टीनंतर कुणी बॉल मारून लावला तर यलो कार्ड आपल्याच पोराला मिळतं. कुणी पडलं, मग ते कुठल्याही टीमचं असो, की वाद्यं ताबडतोब बंद.

आपल्यावर गोल झाला तर बहुतेक टोळ्या गप्प होतात. खरी गरज तेव्हाच असते. बॉल मधल्या ठिपक्यावर येईपर्यंत थांबा, आणि पहिल्या किकबरोबर गावाचं नाव, फक्त ढोलावर, संथ. ओळी नकोत, ताशा नको.

रात्रीच्या टूर्नामेंटला घड्याळ बघा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर वाद्य वाजवायला बंदी आहे, लाउडस्पीकर नसला तरी. दवाखाना, शाळा आणि कोर्ट यांच्यापासून शंभर मीटरचा पट्टा सरकारनं शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो. मैदान शाळेचंच असेल तर आधी मुख्याध्यापक आणि पोलीस पाटलांशी बोलून घ्या.

घरी गेल्यावर ढोलाच्या दोऱ्या सैल करा. ताणलेला ठेवला तर पान पुढच्या मॅचपर्यंत उतरतं. डफडं फडक्यानं पुसा आणि भिंतीच्या खुंटीला उंच टांगा. जमिनीवर ठेवलं तर उंदीर कातडं कुरतडतात.