मेकॅनिकल अ‍ॅडव्हान्टेज कसा काढायचा, तेही ढीगभर फॉर्म्युले पाठ न करता

यांत्रिक फायदा म्हणजे मशीनने आपला जोर कितीपट केला, बस एवढंच. १०० किलोचा भार २५ किलोच्या जोरात उचलला गेला तर १०० भागिले २५, फायदा ४, युनिट काही नाही. हे झालं प्रत्यक्ष मोजून. पण आधीच अंदाज हवा असेल तर अंतरं बघायची, आपला हात किती सरकला आणि तेवढ्यात भार किती सरकला. हात ४ मीटर, भार १ मीटर, तरी उत्तर ४च. सगळी साधी यंत्रं या एका हिशोबात बसतात आणि मला तर ही गोष्ट फार सुंदर वाटते.

तरफेत बलभुजा (टेकूपासून जोर लावतो तिथपर्यंतचं अंतर) भागिले भारभुजा (टेकूपासून भारापर्यंतचं अंतर), पण दोन्ही टेकूपासून मोजायच्या, गडबड होते ती इथेच. समजा १५० सेंमीची पहार आहे, भार एका टोकावर आणि त्या टोकापासून १० सेंमीवर टेकू, मग आपल्या बाजूला उरले १४०, फायदा १४. आता तीच पहार, पण टोक जमिनीवर टेकवलं, भार टोकापासून १० सेंमीवर घेतला आणि दुसरं टोक वर उचललं, तर टेकू म्हणजे ते जमिनीवरचं टोकच झालं ना, मग आपली भुजा अख्खी १५० आणि फायदा १५. म्हणून आधी टेकू शोधा, मग टेप काढा. आणि जोर तिरका लावत असाल तर भुजा जोराच्या रेषेला काटकोनात मोजायची, ती कमीच भरते. चिमट्यात उत्तर १ पेक्षा कमी येतं, घाबरू नका, तिथे जोर देऊन आपण जास्त हालचाल घेतो.

कप्पीत हलणाऱ्या कप्पीला वर धरून ठेवणारे दोर मोजायचे. नुसती वर बांधलेली कप्पी असेल तर फायदा १, फक्त ओढायची दिशा बदलते. हातातला दोर मोजणीत तेव्हाच धरायचा जेव्हा तो हलणाऱ्या कप्पीतून थेट वर येतो.

उतरण सोपी आहे, उताराची लांबी भागिले उंची. ३ मीटरची फळी, ६० सेंमी उंची, फायदा ५. लांबी फळीवरून मोजा, जमिनीवरून नाही.

स्क्रूचा आकडा बघून मात्र चकित व्हायला होतं. एम १० म्हणजे १० मिमी जाडीच्या बोल्टचा नेहमीचा पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर, १.५ मिमी, पाना १५ सेंमीचा धरला तर एका फेरीत हात साधारण ९४२ मिमी फिरतो आणि बोल्ट सरकतो दीड मिमी, म्हणजे फायदा ६२८! प्रत्यक्षात यातलं बरंचसं घर्षणात जातं, पण त्याच घर्षणामुळे बोल्ट आपोआप सुटत नाही.

घर्षण सगळीकडेच असतं, म्हणून शेवटी स्प्रिंग बॅलन्स लावून खरा जोर मोजा. त्या फळीवरून १०० किलोची पेटी ओढायला ३० किलोचा जोर लागला तर खरा फायदा ३.३, याला ५ ने भागलं की कार्यक्षमता ६७ टक्के. खरा फायदा हिशोबातल्या फायद्यापेक्षा जास्त आला तर मोजमाप चुकलंय, परत मोजा. दोन यंत्रं जोडली तर फायद्यांचा गुणाकार करायचा, बेरीज नाही, आणि कार्यक्षमतेचाही गुणाकारच, म्हणजे या उतरणीला ९० टक्के कार्यक्षमतेची २ फायद्याची कप्पी जोडली तर कागदावर १० आणि हातात साधारण ६.