येऊरमध्ये हरीण पाहायला जाताना, आणि ते दिसले नाही तर

ठाणे शहराच्या पश्चिमेचा येऊरचा डोंगर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा पूर्वेकडील भाग असून तेथे चितळ, सांबर आणि भेकर ही तिन्ही हरणे आढळतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्यांची शिकार हा गुन्हा असल्यामुळे सोबत न्यायची ती दुर्बीणच. मात्र वारा ओळखणे, माग काढणे आणि दबा धरून बसणे ही जुन्या शिकाऱ्यांची कौशल्ये येथेही जशीच्या तशी लागतात. मित्रांसोबत गेलेले बहुतेक गट हरीण न पाहताच परततात, आणि त्याची कारणे जंगलापेक्षा गटातच अधिक सापडतात.

पहिला प्रश्न संख्येचा आहे. चौघांपेक्षा जास्त माणसे असतील तर दोन गट करून दोन वेगळ्या दिवशी जावे, कारण आठ जणांची पावले सुक्या सागाच्या पानांवर पडू लागली की पुढच्या वळणापलीकडचे चितळ आपण तेथे पोहोचण्याआधीच निघून गेलेले असते. प्रवेशाची परवानगी वनविभागाकडून आधी घ्यावी, ठरलेली वाट सोडू नये आणि परतण्याची वेळ पाळावी. कपडे मातकट किंवा हिरवट असावेत. हरणांना लाल आणि नारिंगी रंग नीट ओळखता येत नाहीत, पण निळा चांगला दिसतो; म्हणजे सर्वांच्या अंगावर हमखास असणारी निळी जीन्स हाच सर्वांत वाईट पर्याय ठरतो. अत्तर आणि सुगंधी फवारे घरीच ठेवावेत. (रविवारी आसपासच्या बंगल्यांतून स्पीकर वाजत असतील, तर या सगळ्या काळजीचा फारसा उपयोग होत नाही, शक्यतो आठवड्याच्या मधला दिवस निवडावा.)

वाऱ्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, आणि दिवस तेथेच हातचा जातो. हरीण डोळ्यांपेक्षा नाकावर अधिक विसंबून असते. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला ठाण्यात सकाळी बहुधा जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे वारा वाहतो आणि दुपारनंतर तो समुद्राकडून येऊ लागतो. ठाण्याच्या बाजूने आत शिरणारा माणूसही पश्चिमेकडेच चालत असल्यामुळे सकाळी त्याचा वास त्याच्या पुढे धावतो. डोंगरउतार आणि ओढ्यांच्या घळी हे गणित जागोजागी बदलतात, म्हणून लहान डबीत टाल्कम पावडर ठेवावी आणि दर वळणावर चिमूटभर सोडून ती कोणत्या दिशेला जाते ते पाहावे. वारा पाठीवर असेल तर चालत राहण्यात अर्थ नाही. वाटेच्या कडेला एखाद्या खोडाला टेकून अर्धा तास गप्प बसणे अधिक फायद्याचे ठरते. मित्रांना नेमके हेच जमत नाही, त्यामुळे बसण्याची वेळ निघण्याआधीच ठरवून घ्यावी.

पाणी आटत जाणारे मार्च ते मे हे महिने उत्तम, कारण त्या काळात जनावरे उरलेल्या पाणवठ्यांकडे ओढली जातात. काटेसावर किंवा मोह फुलला असेल तर त्याखालची जमीन दुरूनच न्याहाळावी. झाडावर वानरे चरत असतील तर खाली पडणाऱ्या पाला-फळांसाठी चितळ येण्याची शक्यता चांगली असते.

ऊन चढून दहा वाजले आणि काहीच दिसले नाही, तर हरणे सावलीत रवंथ करत बसली आहेत असे समजावे. त्या वेळी शोध जमिनीकडे वळवावा. ओढ्याकाठच्या ओल्या मातीत दोन पाकळ्यांचे खूर उमटलेले असतात. भेकराचा ठसा सर्वांत लहान, चितळाचा साधारण पाच सेंटिमीटर लांब आणि सांबराचा त्याहून बराच मोठा असतो. पाड्यांवरच्या शेळ्याही याच वाटांनी फिरत असल्यामुळे घाईने निष्कर्ष काढू नये: शेळीच्या खुराची टोके बोथट असतात, तर हरणाची पुढे निमुळती होत जातात. ठशाच्या कडा धारदार असतील तर तो ताजा. कडा ढासळून त्यात पाने पडली असतील तर जुना. लेंड्यांचेही तसेच आहे. त्या ओलसर आणि चकचकीत असतील तर जनावर नुकतेच गेले आहे, फिकट आणि भेगाळलेल्या असतील तर बरेच दिवस लोटले आहेत. कमरेच्या उंचीवर साल सोललेले खोड दिसले तर नर सांबराने तेथे शिंगे घासली असण्याचा संभव असतो. दरवर्षी गळून पडणारे असे शिंग वाटेत सापडले, तर छायाचित्र घेऊन ते तेथेच राहू द्यावे, कारण राष्ट्रीय उद्यानातून ते उचलून आणणे बेकायदेशीर आहे. मित्रांपैकी एखादा ते पिशवीत टाकू पाहतोच. त्याला वेळीच अडवावे.

कानही उघडे ठेवावेत. भेकर कुत्र्यासारखे भुंकते, सांबर भोंग्यासारखा मोठा आवाज काढते आणि चितळाची शीळ तीक्ष्ण असते. यांपैकी एखादा आवाज त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा येत राहिला आणि वानरेही खेकसू लागली, तर जवळपास बिबट्या असू शकतो. अशा वेळी त्या दिशेने एक पाऊलही टाकू नये; सर्वांनी एकत्र राहून आल्या वाटेने शांतपणे मागे फिरावे.

परतीच्या बसमध्ये बसताच तारीख, वाऱ्याची दिशा, ताजे ठसे दिसलेली जागा आणि तेथील झाड वहीत लिहून ठेवावे. पुढच्या वेळी त्या जागेजवळच्या वाटेवर थेट जाऊन बसावे. शक्य असल्यास दुपारनंतर, म्हणजे समुद्राकडचा वारा तोंडावर येईल आणि आपला वास मागे ठाण्याकडे जाईल.