सिंगल साइन-ऑन: ओळख ई-मेलला बांधू नका

शिरोलीत ऑफिस, गोकुळ शिरगावला फाउंड्री आणि सगळ्यांची लॉगिन एकाच एलडॅप डिरेक्टरीत (खात्यांची मध्यवर्ती यादी), म्हणजे एकाच लॉगिनने सगळी ॲप उघडतात, अशी मांडणी असेल तर ॲपमध्ये माणसाची ओळख ई-मेलवर जोडू नका. लग्नानंतर आडनाव बदललं की ई-मेल बदलतो आणि ॲप नवंच कोरं खातं उघडतं. त्याहून वाईट म्हणजे, सोडून गेलेल्या पाटलांचा पत्ता नव्या पाटलांना दिला (कोल्हापुरात पाटलांना काय तोटा!), तर जुने अधिकारही त्यांना मिळू शकतात. डिरेक्टरी प्रत्येक खात्याला स्वतःच एक वेगळा ओळख-क्रमांक देते: ओपनएलडॅप या डिरेक्टरी सॉफ्टवेअरमध्ये ‘एंट्रीयूयूआयडी’, मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ‘ऑब्जेक्टजीयूआयडी’. ॲपमध्ये हीच किल्ली ठेवा. नाव बदललं तरी ती तीच राहते. ॲपची डिरेक्टरीशी जोडणी ६३६ पोर्टवरून, एन्क्रिप्टेड. खातं बंद केलं की चालू सेशनही तोडा, नाहीतर टोकनची (लॉगिनवेळी मिळालेल्या डिजिटल पासाची) मुदत संपेपर्यंत माणूस आतच.