सेन्सर आहे, तरी बिघाड सापडत नाही? या चुका टाळा

पंपाचं डिस्चार्ज प्रेशर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या पाण्याचा दाब, घसरलं. सक्शनचा स्ट्रेनर (पाणी आत येतानाची गाळणी) तुंबला असेल, नाहीतर इम्पेलर (पाणी ढकलणारं फिरतं चाक) झिजला असेल. गेज फक्त डिस्चार्जला असेल तर दोन्ही बिघाड अगदी सारखे दिसतात आणि फिटर आधी पंप खोलून बसतो.

मुळातली चूक इथेच होते. गेज कुठे सहज बसेल हे आपण बघतो. कोणते दोन बिघाड एकमेकांपासून वेगळे ओळखायचेत, हे ठरवतच नाही. वरच्या पंपाला दुसरा गेज स्ट्रेनर आणि पंप यांच्या मधे लावा. तिथलंही प्रेशर पडलं तर स्ट्रेनर उघडा. ते पडलं नसेल तर संशय इम्पेलरवर. हाच गेज स्ट्रेनरच्या आधी लावला तर पैसे वाया.

खरेदीआधी एक तक्ता काढा. आडव्या ओळींत बिघाड, उभ्या रकान्यांत सेन्सर. ज्या बिघाडाने जो सेन्सर हलेल तिथे फुली. दोन ओळी हुबेहूब सारख्या आल्या, तर ते दोन बिघाड तुम्हाला कधीच वेगळे करता येणार नाहीत. दोन रकाने सारखे आले तर एक सेन्सर जास्तीचा वाटेल. पण तो काढायची घाई नको. उद्या सेन्सरच खोटं बोलू लागला तर ताडून बघायला तोच उपयोगी पडतो.

कंपनाच्या सेन्सरची तऱ्हा वेगळी. मोटरच्या फॅन कव्हरवर तो कधीच लावू नका. तो पत्रा स्वतःच थरथरत असतो. जागा बेअरिंग हाउसिंगची. आडवं आणि उभं रीडिंग सगळेच घेतात, शाफ्टच्या रेषेतलं मात्र राहून जातं, आणि कपलिंगचं (दोन शाफ्टच्या जोडाचं) कोनातलं मिसअलाइनमेंट, म्हणजे शाफ्ट एका रेषेत नसणं, बहुधा तिथेच उठून दिसतं. सेन्सरचं मॅग्नेट लावण्याआधी रंगाचा जाड थर खरवडा, नाहीतर बेअरिंगच्या सुरुवातीच्या बिघाडाची उच्च वारंवारता सेन्सरपर्यंत पोचतच नाही.

शेवटची चूक सगळ्यांत महाग. २८ मार्च १९७९, अमेरिकेतला थ्री माइल आयलंड अणुवीज प्रकल्प. कंट्रोल रूममधला दिवा विझला, म्हणून झडप बंद झाली असं समजलं गेलं. प्रत्यक्षात दिवा फक्त सोलेनॉइडचा (झडप चालवणाऱ्या विजेच्या चुंबकाचा) वीजपुरवठा दाखवत होता. झडप उघडीच अडकली होती आणि तिच्यातून दोन तासांहून जास्त वेळ अणुभट्टीचं शीतक पाणी निघून जात होतं. तुमच्या पॅनलवरचा दिवा नुसता हुकूम दाखवतोय का, हे आजच वायरचा माग काढत तपासा. लिमिट स्विच, म्हणजे झडप खरंच हलली का ते सांगणारा स्विच, हवा तो झडपेच्या स्पिंडलवर (हलणाऱ्या दांड्यावर).