कोंबडीची पिसं जातायत? पावडर आणण्याआधी या चुका टाळा

परसात दहा-बारा कोंबड्या असल्या की वर्षातून एकदा तरी एखादी पाठीवर उघडी पडलेली दिसते. मग सल्ले सुरू होतात. उवा झाल्यात, पावडर मारा. उष्णता झालीय, ताक पाजा. कॅल्शियम कमी पडलंय, टॉनिक द्या. यातलं एखादं खरं असेलही, पण कोंबडी हातात घेतल्याशिवाय ते कळत नाही. लांबून बघायचं आणि औषध आणायचं, ही पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक.

कोंबडी तिन्हीसांजेला, दांडीवर बसल्यावर पकडा. तेव्हा ती शांत असते. मांडीवर घ्या आणि उघड्या जागेच्या कडेची पिसं फुंकर मारून उलटी करा. जागा कोणती आहे, पिसाची दांडी मुळापासून निघालीय की मध्येच मोडलीय, आणि खालची कातडी कशी आहे, एवढं नीट बघा. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

पिसगळीला आजार समजणं

कातडी स्वच्छ आहे आणि तिच्यातून साळिंदराच्या काट्यांसारखे निळसर कोंब वर येतायत, तर कोंबडी जुनी पिसं टाकून नवी घेतेय. साधारण वर्ष-सव्वा वर्षाची झाली की ती पहिल्यांदा मोठी पिसगळ करते आणि पुढे दरवर्षी. दिवस लहान होऊ लागले की हे सुरू होतं, म्हणून आपल्याकडे पाऊस सरता सरता ते जास्त दिसतं. सुरुवात डोकं आणि मानेपासून होते, मग छाती, पाठ, पंख आणि शेपूट. दोन-तीन महिने जातात. या काळात अंडी बंद होतात किंवा फार कमी होतात. त्यासाठी कोंबडीला विकू नका. तिला चांगलं खायला द्या आणि उगाच हाताळू नका, कारण त्या कोवळ्या कोंबांत रक्त असतं आणि दाबले की दुखतात.

कोंबड्याकडे दुर्लक्ष करणं

आमची एक तांबडी कोंबडी पाठीवर आणि शेपटीच्या बुडाशी उघडी पडली. दोनदा पावडर मारली, काही फरक नाही. मग एकदा तिला उजेडात नीट धरली तेव्हा दिसलं, दांड्या मुळाशी घट्ट होत्या, वरून मोडलेल्या. डोक्याच्या मागेही थोडी पिसं गेलेली. सात कोंबड्यांत दोन कोंबडे होते आणि दोघांचाही जीव याच एकीवर. कोंबडा चढताना चोचीने मान धरतो आणि पायांनी पाठ, त्यात पिसं मोडतात. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. आम्ही एक कोंबडा दुसऱ्या घरी दिला आणि उरलेल्याच्या आऱ्यांची, म्हणजे पायामागच्या काट्यांची, टोकं कानशीने बोथट केली. पाठीवर ओरखडे असतील तर ते बघणं जास्त गरजेचं, कारण पंखाखालची जखम आठ-आठ दिवस दिसत नाही आणि पावसाळ्यात तिच्यात अळ्या पडतात.

खुराड्याची जमीन न बघणं

पिसगळ असेल तर खुराड्यात पिसं पडलेली सापडतात. कोंबडी उघडी आणि जमिनीवर पीस मात्र एकही नाही, तर कोणीतरी ती खातंय. पीस म्हणजे बहुतेक सगळं प्रथिनच. नुसता मका आणि तांदळाची कणी टाकणाऱ्या घरांत हे हमखास दिसतं. मक्यात प्रथिनं आठ-नऊ टक्के, कणीतही जवळपास तेवढीच, आणि अंड्यावरच्या कोंबडीला सोळा टक्क्यांच्या आसपास लागतात. मोकळी फिरणारी कोंबडी किडे, वाळवी, गांडुळं खाऊन ही तूट भरते. कोंडून ठेवलेली शेजारणीच्या अंगावरून भरते. लेअर फीड, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीचं तयार खाद्य, चालू करा, किंवा दाण्यात सुकट आणि सोयाबीन पेंड घाला. शेंगदाणा पेंड चालते, पण बुरशीचा वास आला तर फेकून द्या, तिच्यातलं विष कोंबडीचं यकृत खराब करतं. दाटीही तपासा, रात्रीच्या खुराड्यात प्रत्येकीला दीड-दोन चौरस फूट जागा हवी. रक्त निघालेली कोंबडी लगेच वेगळी करा आणि जखमेवर हळद लावा. लाल रंग दिसला की बाकीच्या थांबत नाहीत.

फक्त दिवसा शोधणं

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते, कारण तिच्यापायी कोंबड्या खरोखर मरतात.

उवा दिवसाही सापडतात. त्या कोंबडीच्या अंगावरच जगतात. गुदद्वाराभोवती आणि पंखाखाली पिसं बाजूला केली की वाळल्या गवताच्या रंगाचे किडे पळताना दिसतात, आणि पिसांच्या मुळाशी साखर चिकटल्यासारखे अंड्यांचे पांढरे गठ्ठे. लाल माइट हा बारीक किडा मात्र दिवसा अंगावर नसतो. तो दांडीच्या टोकाला, बांबूच्या चिरेत, जांभ्या दगडाच्या भोकांत दडून बसतो आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतो. कोंबडी रात्री खुराड्यात जायला कुरकुरते, तुरा फिकट पडतो, अंडी कमी होतात आणि दिवसा अंगावर काहीच मिळत नाही. काळोख पडल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन जा आणि दांडीच्या खालच्या बाजूने पांढरं फडकं दाबून फिरवा. फडक्यावर तांबडे डाग उमटले तर उत्तर मिळालं. कोंबड्यांचा गोचीडही असाच भिंतीच्या फटीत राहतो.

इथे नुसत्या कोंबडीवर पावडर मारून काही होत नाही. खुराडं रिकामं करा, दांड्या काढून उकळतं पाणी ओता, फटी बुजवा, चुन्याचा हात द्या, आणि सात-आठ दिवसांनी हेच पुन्हा करा, कारण माइटची अंडी त्यातूनही वाचतात. उवांसाठी केलेला उपायही असाच दुसऱ्यांदा करायचा, आणि सगळ्याच कोंबड्यांवर.

राखेत लोळायला जागा ठेवणं हा जुना उपाय चांगलाच आहे. पावसाळ्यात कोरडी माती कुठेच नसते आणि नेमक्या तेव्हाच उवा वाढतात. पडवीत पावसाची झड येणार नाही अशा जागी घमेल्यात चुलीची थंड राख आणि कोरडी माती ठेवा.

हाताला येईल ते फवारणं

शेतातलं कीटकनाशक किंवा कुत्र्याच्या गोचिडांचं औषध कोंबडीवर कधीही मारू नका. 2017 साली नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये लाल माइटसाठी शेडमध्ये फवारलेल्या औषधात फिप्रोनिल हे कीटकनाशक निघालं. ते अंड्यांत उतरलं आणि लाखो अंडी नष्ट करावी लागली. हेच फिप्रोनिल आपल्याकडे पिकांसाठी आणि कुत्र्यांसाठी सर्रास मिळतं. औषध लागणारच असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, आणि किती दिवस अंडी खायची नाहीत हेही तिथेच विचारा.

छातीची पिसं गेलेली कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, असेल तर ती उबेसाठी स्वतःच ती काढते, तिला राहू द्या. काही कोंबड्यांची मान जन्मतःच उघडी असते, तो त्यांच्या जातीचा गुण. पिसं जागेवर आहेत पण ती फुलवून कोंबडी मान आत घेऊन बसलीय आणि हिरवट पातळ विष्ठा आहे, तर तिला बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण राणीखेत हा जीवघेणा साथीचा रोगही असाच दिसतो.

उपाय बरोबर लागला तरी पाठ लगेच भरत नाही. मुळापासून निघालेलं पीस दीड-दोन महिन्यांत परत येतं. मध्येच मोडलेलं मात्र पुढच्या पिसगळीपर्यंत तसंच राहतं. ती खुंटं ओढून काढू नका.